जन्मवजनाच्या मापाची मर्यादा : मतलब येथील मातृपोषण-संशोधनाचे परीक्षण

मातेचे पोषण आणि अपत्याचे जीवित यांचा निकट संबंध आहे, ही गोष्ट कोणी नाकारीत नाही. मतभेद आहे तो हा संबंध कोणत्या पुराव्याने सिद्ध झाला असे मानावयाचे, याविषयी. गेल्या सुमारे पन्नास वर्षांत गरीब देशांतील मातृपोषणाविषयी जे प्रयोग झाले, त्यांपैकी बहुतेकांनी एकाच साक्षीदारावर भिस्त ठेवली आहे. तो साक्षीदार म्हणजे बालकाचे जन्माच्या वेळचे वजन. गर्भवतीला अन्न दिल्यावर हे वजन वाढले तर अन्न सत्कारणी लागले, आणि वाढले नाही तर ते व्यर्थ गेले, असा हा सोपा न्याय आहे. शासने, आंतरराष्ट्रीय संस्था आणि विद्यापीठीय परीक्षक या सर्वांनीच तो कमीअधिक प्रमाणात मान्य केलेला दिसतो.

हा न्याय पुरेसा आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचनासाठी बांगलादेशातील मतलब या ग्रामीण क्षेत्रात झालेले संशोधन निवडले आहे. त्याची कारणे दोन. जागतिक बँकेच्या वर्गीकरणानुसार बांगलादेश २०१५ पर्यंत अल्प-उत्पन्न देशांत मोडत असे. आणि तशा परिस्थितीत मातेच्या आहाराचा व बालकाच्या मृत्यूचा हिशेब मतलबइतक्या बारकाईने फारच थोड्या ठिकाणी ठेवला गेला आहे. दुसरे कारण असे की, त्या हिशेबातून निघालेले उत्तर वर सांगितलेल्या रूढ न्यायाशी जुळत नाही.

१

जन्मतः २,५०० ग्रॅमपेक्षा कमी भरणारे मूल ते ‘कमी जन्मवजनाचे’, ही व्याख्या आज इतकी अंगवळणी पडली आहे की, ती रेषा निसर्गानेच आखून दिली असावी असे वाटते. वास्तविक फिन्लंडचे बालरोगतज्ज्ञ आर्व्हो यल्पो यांनी १९१९ च्या सुमारास ती सुचविली, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ती स्वीकारली. तिची उपयुक्तता निर्विवाद आहे. वजनकाटा स्वस्त असतो, तो वापरण्यास फार शिक्षण लागत नाही, आणि जन्मानंतर लगेच आकडा हाती येतो. उलट, मृत्यूचा हिशेब ठेवावयाचा तर हजारो कुटुंबांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागतो. वजनातील फरक सिद्ध करण्यास काही शे माता पुरतात. मृत्यूतील फरक सिद्ध करण्यास काही हजार माता लागतात. अशा रीतीने जे मोजण्यास सोयीचे, तेच हळूहळू महत्त्वाचे ठरले.

यात तर्कदोष कोठे शिरतो ते पाहावे. हलकी मुले अधिक प्रमाणात मरतात हे निरीक्षण खरे आहे. परंतु त्यावरून हलकेपणा हेच मृत्यूचे कारण, असे निष्पन्न होत नाही. १९७१ साली जेकब येरुशालमी यांनी अमेरिकेतील धूम्रपान करणाऱ्या मातांविषयी एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट दाखविली. या मातांची मुले सरासरीने हलकी असत. तथापि केवळ कमी वजनाच्या मुलांचीच परस्परांशी तुलना केली असता, धूम्रपान करणाऱ्या मातांची मुले इतरांपेक्षा अधिक संख्येने जगत. धूम्रपान हितकारक आहे, असा याचा अर्थ अर्थातच नाही. हलकेपणाची कारणे अनेक असतात. त्यांतील काही घातक, तर काही त्या मानाने सौम्य असतात. आणि वजनाचा आकडा ही कारणे वेगवेगळी करून दाखवीत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. साथरोगशास्त्रज्ञ ॲलन विल्कॉक्स यांनी २००१ साली हा मुद्दा सविस्तर मांडला. वजन आणि मृत्यू यांचा परस्परसंबंध कितीही दृढ असला तरी वजन हा कार्यकारणाच्या साखळीतील दुवा असेलच असे नाही, हे त्यांच्या विवेचनाचे सार होय. संपन्न देशांतील आकड्यांवरून उद्भवलेला हाच प्रश्न गरीब देशातील गर्भवतीच्या अन्नाविषयी विचारला, तर काय उत्तर येते, याची कसोटी मतलबमध्ये लागली.

२

मतलब हे क्षेत्र ढाक्याच्या आग्नेयेस सुमारे ५५ किलोमीटरवर, चांदपूर जिल्ह्यातील नद्यांनी वेढलेल्या सखल प्रदेशात आहे. पटकीच्या संशोधनासाठी १९६० साली ढाक्यात जी प्रयोगशाळा स्थापन झाली, तिने १९६६ पासून येथे जन्म, मृत्यू, विवाह व स्थलांतर यांची घरोघर नोंद ठेवण्यास आरंभ केला. १९७८ साली या प्रयोगशाळेचे आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रात रूपांतर झाले; नोंदीचे काम मात्र अखंड चालू राहिले. मृत्यू हेच माप म्हणून वापरण्याचे धाडस येथील संशोधकांना करता आले, ते या दीर्घ नोंदपरंपरेच्या बळावर.

प्रस्तुत प्रयोग ‘मिनीमॅट’ या नावाने ओळखला जातो. नोव्हेंबर २००१ ते ऑक्टोबर २००३ या काळात ४,४३६ गर्भवती स्त्रिया त्यात दाखल करून घेण्यात आल्या. त्याचे निष्कर्ष लार्स ओके पेर्शन, शम्स एल आरिफीन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली प्रसिद्ध केले. प्रयोगाने दोन प्रश्न एकत्र गुंफले होते. पहिला प्रश्न अन्न केव्हा द्यावे, हा. शासकीय पोषण कार्यक्रमातून गर्भवतींना आठवड्यातून सहा दिवस ६०८ उष्मांकांचा पूरक आहार मिळत असे. भाजलेल्या तांदळाचे पीठ, भाजलेल्या डाळीचे पीठ, गूळ आणि सोयाबीनचे तेल असे त्याचे घटक होते. निम्म्या स्त्रियांना हा आहार सुमारे नवव्या आठवड्यापासून घेण्यास बोलाविले. उरलेल्यांना रूढ पद्धतीप्रमाणे, म्हणजे सुमारे विसाव्या आठवड्यापासून. दुसरा प्रश्न गोळी कोणती द्यावी, हा. एका गोळीत ३० मिलिग्रॅम लोह व फोलिक आम्ल होते, दुसरीत ६० मिलिग्रॅम लोह व फोलिक आम्ल, आणि तिसरीत १५ सूक्ष्म पोषकद्रव्ये होती. कोणत्या स्त्रीने कोणत्या गटात जावयाचे हे यदृच्छेने ठरविण्यात आले. दोन काळ आणि तीन गोळ्या मिळून सहा गट झाले.

३

आता निष्कर्ष पाहू. जन्मवजनाच्या दृष्टीने सहाही गट सारखेच ठरले. सर्वांची सरासरी सुमारे २,७०० ग्रॅम होती. मातांच्या रक्तातील हिमोग्लोबिनातही गटागटांत फरक आढळला नाही. प्रयोग येथेच संपला असता आणि रूढ न्याय लावला असता, तर लवकर दिलेले अन्न निष्फळ ठरले, असाच निवाडा झाला असता.

परंतु संशोधकांनी मृत्यूही मोजले होते. लवकर अन्न आणि १५ पोषकद्रव्यांची गोळी हे दोन्ही ज्या मातांना मिळाले, त्यांच्या अपत्यांत दर हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या वर्षात १६.८ मृत्यू झाले. नेहमीच्या वेळी अन्न आणि ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी, ही जी प्रचलित पद्धत, तीत हे प्रमाण ४४.१ होते. पाचव्या वर्षापर्यंतच्या मृत्यूंत हे अंतर १८ विरुद्ध ५४ असे राहिले. ज्या वजनाला आपण जीविताचा प्रतिनिधी मानीत होतो ते तसूभरही हलले नाही, आणि जीवित मात्र हलले.

याहून अधिक विचारप्रवर्तक निष्कर्ष दुसऱ्या एका गटाचा आहे. १५ पोषकद्रव्यांची तीच गोळी, पण अन्न नेहमीच्या उशिराच्या वेळी, असा जो गट होता, त्यात गर्भपाताचे आणि अर्भकमृत्यूचे प्रमाण सहाही गटांत सर्वाधिक भरले. म्हणजे एकच गोळी लवकरच्या अन्नाबरोबर हितकर दिसली, आणि त्या अन्नाविना तशी दिसली नाही. गोळी वाटणे सोपे असते, तीत नासण्यासारखे काही नसते, आणि तिचा हिशेब ठेवता येतो. म्हणून अन्नाऐवजी गोळी, हा मोह प्रत्येक प्रशासनाला पडतो. मतलबचा पुरावा या मोहाविरुद्ध जातो.

तथापि या निष्कर्षाचे परीक्षण न करता तो शिरोधार्य मानणे उचित होणार नाही. त्यावर तीन आक्षेप घेता येतात.

पहिला आक्षेप संख्येचा. प्रयोगात एकूण ३,६२५ जिवंत जन्म झाले. म्हणजे प्रत्येक गटात सुमारे सहाशे. दर हजारी प्रमाणांचे प्रत्यक्ष मृत्यूंत रूपांतर केले, तर एका गटात दहाच्या आसपास आणि दुसऱ्यात सव्वीस-सत्तावीस मृत्यू एवढाच हा फरक आहे. सापेक्ष धोक्याचे गुणोत्तर ०.३८ असले तरी त्याची संभाव्य मर्यादा ०.१८ पासून ०.७८ पर्यंत पसरलेली आहे. परिणाम आहे, असे म्हणण्यास हा आधार पुरतो; तो नेमका एवढाच आहे, असे म्हणण्यास पुरत नाही.

दुसरा आक्षेप यंत्रणेचा. नवव्या आठवड्यात अन्न द्यावयाचे, तर त्या सुमारास गर्भधारणा कळली पाहिजे. मतलबमध्ये आरोग्यसेविका दरमहा प्रत्येक घरी जात, पाळी चुकल्याचे विचारीत, आणि तेथल्या तेथे लघवीची तपासणी करीत. जेथे गर्भवतीचे नाव चौथ्या-पाचव्या महिन्यात कसेबसे नोंदले जाते, तेथे ‘लवकर अन्न’ या दोन शब्दांमागे केवढी व्यवस्था उभी करावी लागेल, हे ध्यानात घेतले पाहिजे. हा आक्षेप निष्कर्षाची सत्यता कमी करीत नाही. तो त्याची किंमत सांगतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. वजन व हिमोग्लोबिन या दोहोंत बदल नसता मृत्यू कसे घटले, याचे समाधानकारक स्पष्टीकरण उपलब्ध नाही. गर्भाची इंद्रिये व वार यांची घडण पहिल्या तिमाहीत होते. तेव्हा त्या काळातील अन्नाचा परिणाम आकारापेक्षा घडणीवर व्हावा, हे अनुमान सयुक्तिक आहे. परंतु अनुमान ते अनुमानच. ते पुराव्याच्या जागी बसविता येणार नाही.

४

एका ठिकाणच्या निष्कर्षावर मत बनविण्यापूर्वी तो इतर ठिकाणच्या अनुभवाशी ताडून पाहणे अवश्य आहे. या दृष्टीने पश्चिम आफ्रिकेतील गांबियाचा प्रयोग उद्बोधक आहे. तेथील २८ खेड्यांत पाच वर्षे चाललेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, गर्भारपणाच्या उत्तरार्धात शेंगदाण्याची बिस्किटे देण्यात आली. त्यांतून रोज सुमारे एक हजार उष्मांक मिळत. जन्मवजन सरासरीने १३६ ग्रॅमने वाढले. टंचाईच्या महिन्यांत ही वाढ २०१ ग्रॅम, तर सुगीनंतरच्या काळात ९४ ग्रॅम होती. मृतजन्म आणि पहिल्या सात दिवसांतील मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. परंतु सात दिवसांनंतरच्या मृत्यूंवर काहीच परिणाम झाला नाही.

गांबिया व मतलब यांचे निष्कर्ष शेजारी ठेवले असता त्यांतील विरोध लक्ष वेधून घेतो. गांबियात अन्न उशिरा व भरपूर मिळाले. वजन वाढले, आणि जन्माच्या आसपासचे मृत्यू घटले. मतलबमध्ये अन्न लवकर व बेताचे मिळाले. वजन वाढले नाही, आणि तरीही वर्षभराचे, किंबहुना पाच वर्षांचे जीवित सुरक्षित झाले. गर्भारपणाच्या वेगवेगळ्या काळातील अन्न वेगवेगळे कार्य करीत असावे, असे या तुलनेवरून सुचते. तसे असेल तर एकाच मापाने दोहोंची परीक्षा घेणे म्हणजे तागडीने कापड मोजण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातील संशोधनानेही या शंकेला पुष्टी दिली आहे. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, तेथील नवजात बालक सरासरीने २.७ किलोग्रॅमचे, तर इंग्लंडमधील साउदॅम्पटनचे ३.५ किलोग्रॅमचे असते; पण पुण्याकडील बालकाची उणीव स्नायू व इंद्रिये यांत अधिक असून त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून राहिलेला असतो. काट्यावरचा आकडा शरीर कशाचे बनले आहे हे सांगत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. त्याच अभ्यासात मातेच्या आहारातील एकूण उष्मांकांचा बालकाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांचा दिसला.

या धाग्यावरूनच मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक प्रयोग करण्यात आला. पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला खाऊ तेथील स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून देण्यात आला. २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व मातांचा एकत्र विचार करता जन्मवजनात निर्णायक वाढ झाली नव्हती. आणि सर्वांत कृश मातांच्या गटात तर लाभ दिसलाच नाही. मात्र गर्भारपणात उद्भवणाऱ्या मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आल्याचे त्याच प्रयोगाच्या २०१६ मधील वृत्तान्तात नमूद आहे. येथेही केवळ बालकाच्या वजनाकडे पाहणाऱ्याला मातेच्या शरीरात घडलेला लाभ दिसला नसता.

५

येथवरचा विचार अन्न मातेच्या पोटात गेले, असे धरून केला. ते नेहमी जाते काय, हा प्रश्न यापुढचा आहे, आणि बांगलादेशाच्या अनुभवाने तोही तितक्याच प्रखरतेने पुढे आणला.

१९९५ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने त्या देशात एक व्यापक पोषण प्रकल्प राबविण्यात आला. तमिळनाडूतील पूर्वीच्या प्रकल्पाचा आदर्श त्यापुढे होता. मुलांचे नियमित वजन, मातांना शिक्षण, आणि कृश गर्भवतींना पूरक आहार ही त्याची अंगे होती. मातेला ज्ञान दिले की मुलाचा आहार सुधारेल, हे त्याचे गृहीतकृत्य. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या ब्रिटिश संस्थेने २००३ साली, प्रकल्पाच्या व प्रकल्पाबाहेरच्या क्षेत्रांत कुपोषणाचा फारसा फरक दिसत नाही, अशी टीका केली. पुढे २००५ साली जागतिक बँकेच्याच मूल्यमापन विभागाने या प्रकल्पाची जी चिकित्सा केली, ती वाचनीय आहे. मातांचे ज्ञान वाढले होते. आचरणात त्या मानाने बदल झाला नव्हता. कारण बाजारहाट पुरुषांच्या हाती, आणि संयुक्त कुटुंबात चूल सासूच्या हाती. ज्या व्यक्तीला शिकविले तिला निर्णयाचा अधिकार नव्हता, आणि जिला अधिकार होता तिला कोणी शिकविले नव्हते. शिवाय बाहेरून मिळालेला आहार घरच्या जेवणात भर घालण्याऐवजी काही वेळा त्याची जागा घेत असे.

अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, १९७४ च्या बांगलादेशातील दुष्काळात धान्य आधीच्या व नंतरच्या वर्षांपेक्षा कमी नव्हते, मजुरांची ते मिळविण्याची शक्ती नाहीशी झाली होती, असे दाखवून दिले. धान्य आहे म्हणजे ते सर्वांचे आहे असे होत नाही, हे त्यांचे प्रतिपादन घराच्या उंबरठ्याशी थांबत नाही. लिंकन चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी मतलबमधील कुटुंबांविषयी लिहिलेल्या निबंधात, अन्न व औषधोपचार या दोन्ही बाबतींत मुलग्यांना झुकते माप मिळते हे मोजून दाखविले होते. आज जी गर्भवती कृश म्हणून नोंदली जाते, ती काल याच वाटणीतली मुलगी होती.

गर्भारपणात कमी खाण्याची प्रथा दक्षिण आशियात अनेक ठिकाणी नोंदली गेली आहे. पोट गच्च भरले तर बाळाला जागा उरत नाही, बाळ मोठे झाले तर सुटका कठीण होते, अशी तिची उपपत्ती सांगितली जाते. पोषणतज्ज्ञ तिला अज्ञान म्हणून बाजूस सारतात. पण दवाखाना नदीपलीकडे, रात्रीची नाव मिळण्याची शाश्वती नाही, आणि अडलेली बाळंतीण दगावल्याची उदाहरणे शेजारीच घडलेली, अशा परिस्थितीत लहान बाळाची इच्छा करणारी स्त्री आपल्या जिवाचा हिशेब करीत असते. तिला अधिक खा असे सांगणाऱ्याने सुरक्षित प्रसूतीची हमीही दिली पाहिजे. जन्मवजन वाढावे अशी अपेक्षा धरणाऱ्या कार्यक्रमांनी, ते वजन बाहेर आणण्याचा धोका कोण पत्करतो, याचा विचार क्वचितच केला आहे.

६

बांगलादेशातील बालमृत्यूची घट केवळ मातृपोषणाने झाली, असे प्रतिपादन येथे अभिप्रेत नाही. राष्ट्रीय पाहण्यांनुसार पाच वर्षांखालील मृत्यूंचे प्रमाण १९९३-९४ साली दर हजारी १३३ होते. २०२२ साली ते ३१ झाले. या यशात लसीकरण, अतिसारात द्यावयाचे क्षार-साखरेचे पाणी, कुटुंबनियोजन आणि मुलींचे शिक्षण यांचा वाटा मोठा आहे. परंतु जे मृत्यू अद्याप उरले आहेत, त्यांत जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातील मृत्यूंचे प्रमाण अधिक आहे. आणि त्यांची मुळे बऱ्याच अंशी गर्भारपणात असल्याने मातेच्या आहाराचा प्रश्न यापुढे गौण मानता येणार नाही.

वरील परीक्षणावरून अभ्यासकांपुढे काही कर्तव्ये उभी राहतात. गर्भवतीच्या आहाराविषयी कोणताही वृत्तान्त वाचताना अन्न कोणत्या आठवड्यापासून सुरू झाले, ते कोणी खाल्ले, आणि ते घरच्या जेवणात अधिक होते की त्याच्याऐवजी होते, हे तीन प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात २०१५ पासून गर्भवती व स्तनदा मातांना शिजविलेले पूर्ण जेवण देणारी जी अमृत आहार योजना चालू झाली, तिच्या मूल्यमापनासही हेच प्रश्न लागू आहेत. जन्मवजनाची नोंद अवश्य ठेवावी. पण तिच्यासोबत मृत्यू कोणत्या वयात झाले याची, आणि मातेच्या स्वतःच्या वजनाची व प्रकृतीचीही नोंद असावी. ज्या प्रयोगात मृत्यू मोजण्याइतकी संख्या नाही, त्याने वजन वाढले नाही एवढ्यावरून अन्न निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष काढू नये.

आजवरच्या बहुसंख्य कोष्टकांत माता ही बालकाच्या वजनाचे साधन म्हणून येते. तिच्या स्वतःच्या भुकेसाठी वेगळा रकाना नसतो. मतलबच्या प्रयोगाने सिद्ध केले त्याची व्याप्ती मर्यादित आहे, आणि त्याची पुनरावृत्ती व्हावयास हवी. तथापि वजनाच्या रकान्यात फरक दिसला नाही म्हणून अन्न बंद करण्याचा निर्णय घेणाऱ्याने, ज्या गटात हजारी १७ मुले दगावली आणि ज्यात ४४ दगावली, त्या दोन्ही गटांतील मुलांचे जन्मवजन सारखेच होते, ही गोष्ट विसरता कामा नये.